मास्तरला आत सोडलं नाही

जंगलात मोहाची फुलं पडायला लागली की आमची आई हल्ली पहाटे उठून आधी अंगणाच्या फाटकाला साखळी घालते. बाहेर अख्खं गाव टोपल्या घेऊन निघालेलं असतं. बायका एकमेकींच्या दारावरून हाका मारत जातात, कुणाच्या तरी सायकलची साखळी करकरते, आणि वाऱ्याबरोबर तो जड, गोड, थोडासा आंबूस वास घरात शिरतो. बाबा खाटेवर उठून बसतात. त्यांना दिसत नाही. उजव्या डोळ्याला तेवढा उजेड आणि अंधार कळतो. नाक मात्र शाबूत आहे. वासाच्या दिशेला तोंड करून ते विचारतात, "पडून राह्यला का वं?"

"नाई. अजून नाई," आई म्हणते.

दोघांनाही माहीत असतं की ती खोटं बोलते आहे. बाबा पुन्हा आडवे होतात. मी पडवीत पडल्या पडल्या हे ऐकते आणि डोळे मिटून घेते.

तीन आठवड्यांची रजा घेऊन मी आले आहे. एप्रिल मीच मागून घेतला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी अशीच आले होते, आणि त्या वेळी जे वाटायला हवं होतं ते काहीच वाटलं नव्हतं. ते कुठे तरी इथेच पडलेलं असेल, वेचून घ्यावं, असा काहीसा विचार असावा.

मी नर्स आहे. दक्षिण जर्मनीतल्या एका लहान शहरात, वृद्धाश्रमात काम करते. ब्रह्मपुरीला शिकले, नागपूरला नोकरी केली, भाषेची परीक्षा दिली आणि गेले. एकुलती एक मुलगी. विमानतळावर आई रडली. बाबांनी फक्त विचारलं होतं, "तिकडं पोस्टमन सायकलनं येते का गाडीनं?"

कारण ते स्वतः पोस्टमन होते. नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या सात-आठ गावांत तीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं. पोस्टमनला गाव पहिल्यांदा कळतं ते कुत्र्यांवरून. बाबा गावांची ओळखही तशीच करून द्यायचे. अमक्या गावची कुत्री वेशीपर्यंत सोडायला येतात. तमक्या गावची भुंकतात, पण एकदा नाव घेऊन हाक मारली की शेपूट हलवतात. आणि गोंडांच्या त्या तीन गावांत कुत्री भुंकतच नाहीत, नुसती उभी राहून बघतात. ती जंगलात माणसाबरोबर जाणारी कुत्री. भुंकणं कशासाठी राखून ठेवायचं ते त्यांना ठाऊक असतं. लहानपणी मला हा भूगोल जिल्ह्याच्या नकाशापेक्षा जास्त पाठ होता.

त्यातल्याच एका गावाहून बाबांनी पिल्लू आणलं. तपकिरी, एक कान पडलेला. ते रोज सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं, वर्गाच्या उंबऱ्यावर बसायचं आणि खिचडी झाली की परत यायचं. सुट्टीच्या दिवशीही जायचं. गावानं त्याचं नाव मास्तर ठेवलं. शाळेतल्या बाईंनी त्याला कधी हाकललं नाही. "पोरांपेक्षा हजेरी चांगली हाय त्याची," असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर बाबा मोहाच्या दिवसांत जंगलात जायला लागले, तेव्हा मास्तरनं शाळा सोडली आणि तो त्यांच्याबरोबर जाऊ लागला.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी वृद्धाश्रमात फ्राउ केलरला नाश्ता भरवत होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, हात थरथरायचे. तिच्या खाटेखाली तिचा कुत्रा असायचा, ब्रुनो. ठेंगणा, लांबुळका, म्हातारा. वृद्धाश्रमात येताना ती त्याला घेऊनच आली होती. तिथे ते चालतं. फोन वाजला. कामाच्या वेळी आम्ही फोन घेत नाही, पण आई या वेळी कधीच करत नसे.

"सुजाता, तुह्या बाबाले अस्वलानं धरलं," आई म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "तोंडावर. जिता हाय. मास्तर भुकला, अस्वलाच्या मागच्या पायाले लागला, म्हून सुटले. ब्रह्मपुरीवरून चंद्रपूरले नेऊन राह्यले."

मी विचारलं, शुद्धीत आहेत का? रक्त किती गेलं? धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? आई म्हणाली, "मले नाई समजत बाई. तू ये."

फ्राउ केलरनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काही वाईट आहे का? मी म्हटलं, वडिलांना बरं नाही. तेवढ्यात ब्रुनो खाटेखालून बाहेर आला आणि त्यानं माझ्या बुटावर हनुवटी टेकली. त्याला काही कळलं असेल असं मी म्हणणार नाही. माझा बूट गरम असेल. पाय न हलवता मी तिला उरलेला पाव भरवला. मग वहीत तिनं किती खाल्लं ते लिहिलं. मग पुढच्या खोलीत गेले. दुपारी दोनपर्यंत पाळी पूर्ण केली आणि मग तिकीट काढलं.

अस्वलाबद्दल मला सगळं माहीत आहे. मोहावर ते माणसाइतकंच जीव टाकतं. माणूस खाली वाकून वेचत असतो, अस्वलही खाली तोंड घालून खात असतं, आणि दोघांचं एकमेकांकडे लक्ष जातं तेव्हा फार उशीर झालेला असतो. ते उभं राहतं आणि चेहऱ्यावर पंजा मारतं. आमच्या भागात अशी माणसं आहेत. लग्नाकार्यात ती मागच्या रांगेत बसतात. आता माझे वडील त्यांच्यातले एक होणार, हा विचार विमानात मला अगदी स्पष्टपणे आला, एखाद्या केसपेपरवरच्या ओळीसारखा. त्याच्यामागून काही आलं नाही. शेजारच्या बाईनं पायापाशी पिशवीत मांजराएवढं कुत्रं ठेवलं होतं. ते सगळ्या प्रवासात एकदाही ओरडलं नाही.

तिकडे गेल्यावर पहिल्या महिन्यात मी आईला फोनवर सांगितलं होतं, "इथं कुत्रं रेल्वेत बसतं. मोठं असेल तर त्याचं तिकीट काढतात." आई इतकी हसली की तिनं शेजारणीला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. चहाच्या दुकानात माणसाच्या आधी कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं येतं, हे मी पाहिलं. बेकरीच्या दाराबाहेर भिंतीत कडी असते, वर कुत्र्याचं चित्र आणि खाली लिहिलेलं: आम्हाला बाहेरच थांबावं लागतं. जणू कुत्र्यानंच लिहिलंय. सरहद्द ओलांडून एकदा फ्रान्सला गेलो, तिथे हॉटेलात एक कुत्री खुर्चीवर बसून मालकिणीच्या ताटाकडे बघत होती आणि वाढणारा तिला वळसा घालून जात होता. स्वित्झर्लंडमध्ये सरोवरातल्या बोटीवर दोन कुत्री नाकं वाऱ्यावर धरून उभी होती. सगळीकडे सोय. सगळीकडे पट्टा.

आमच्या पाळीत जगभरातल्या पोरी आहेत. जेवायच्या सुट्टीत एकदा हाच विषय निघाला. मनिलाची जोसलिन म्हणाली, आमच्याकडे मॉलमध्ये कुत्री बाबागाडीतून फिरतात, लंगोट बांधून. ट्युनिशियाची अमल म्हणाली, माझी आजी कुत्र्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही, पण उरलेला पाव जमिनीवर पडू द्यायची नाही, तो कुत्र्यासाठी भिंतीवर ठेवायची. मग दोघींनी मला विचारलं, तुमच्याकडे? मी म्हटलं, आमच्याकडे कुत्रं कुठेही जातं, त्याला कुणी बोलावत नाही. आमच्याबरोबरची जर्मन सहकारीण चमचा खाली ठेवून म्हणाली, म्हणजे ते कोणाचं असतं? मी म्हटलं, गावाचं. तिला ते समजेना. गावाचं म्हणजे नगरपालिकेचं का, तिनं विचारलं.

तिकडे रस्त्यावर एकटं कुत्रं दिसलं की लोक थांबतात, फोन करतात. इतक्या वर्षांत मी असं एकदाच पाहिलं. दहा मिनिटांत त्याला न्यायला गाडी आली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात बाबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. चेहरा सगळा पट्ट्यांत; नाकाच्या जागी थोडी उंच गादी, तोंडाच्या जागी फट. डावा डोळा काढून टाकला होता. उजव्याचं काय होईल ते अजून सांगता येत नव्हतं. मी आधी सलाइन बघितलं, मग लघवीची पिशवी, मग नाडी धरली. तेवढं झाल्यावर म्हटलं, "बाबा, मी आली."

त्यांनी माझा हात चाचपला. फटीतून जाड आवाज आला. "मास्तर कुठी हाय?"

आई खाटेच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, "तीन दिवसांपासून हेच इचारून राह्यले."

सकाळी राउंडला आलेला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते सारखे कोणा मास्तरांना बोलावतायत. जवळचे नातेवाईक असतील तर बोलावून घ्या. पेशंटला धीर येतो." मी म्हटलं, "हो, बोलावते." तो कुत्रा आहे हे सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. मास्तर घरी नव्हता. आमच्या गावातून ब्रह्मपुरीपर्यंत काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या हिरामणभाऊंनीच बाबांना दवाखान्यात नेलं होतं. ते म्हणाले, "ताई, तो जीपच्या मागं फाट्यापर्यंत धावला. मंग गाडी मोठ्या रस्त्याले लागली. आरशात पाह्यलं तं रस्त्याच्या मधोमध बसून होता. मले थांबता आलं नाई."

तो अजून फाट्यावरच होता. चहाच्या टपरीच्या मागे, सावलीला. खांद्यावर पंजाची मोठी जखम, तिच्यावर माशा. टपरीवाल्या शेवंताबाई म्हणाल्या, "भात टाकला तं खाते. पन सावली सरकली तरी सरकत नाई, रस्ता दिसला पाह्यजे त्याले." मी मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, पट्टी केली. तो ओरडला नाही. माझ्या हाताचा वास घेतला. त्या हाताला दवाखान्याचा वास होता.

आधी एसटी थांबवली. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "ताई, कोंबडं असतं तं डालीत टाकून घेतलं असतं. कुत्रं नाई घेता येत. लोक माह्यावर बोंबलतेत." त्यानं बेल मारली, आणि गाडी निघताना उगाच हात हलवला. वाईट माणूस नव्हता.

मग हिरामणभाऊच म्हणाले, "बसा. आज मीच चंद्रपूरपर्यंत येतो." जीप भरलेली होती. पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "अन् चावला तं?"

मागच्या बाकावर, मांडीवर मोहाची पिशवी धरून एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "तुले कोन चावते? येऊ द्या वं बाई त्याले. माह्या पायापाशी बसते."

"आजी, ही सवारी गाडी हाय," गृहस्थ म्हणाले.

"तो का मग चालत येईन?"

मास्तर चढला आणि खरंच तिच्या पायापाशी बसला. तिनं पदर पसरून त्याच्या पट्टीवरच्या माशा हाकलल्या. सिंदेवाहीला ती उतरली तेव्हा गाडी निम्मी रिकामी झाली होती. पांढरा सदरा अजून होता. मूलच्या थोडं आधी त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन मास्तरसमोर धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऊन लय हाय."

दवाखान्याच्या फाटकावर लीलाबाई होत्या. सुरक्षारक्षकाचा निळा शर्ट, डोक्यावर ओला रुमाल, हातात काठी. त्यांनी काठी आडवी धरली.

"कुत्र्याले आत नाई सोडता येत, ताई."

"माझे वडील आत आहेत. अस्वलानं मारलंय. यानं वाचवलं त्यांना."

"खरं असंल. पन नाई सोडता येत."

"मी नर्स आहे," मी म्हटलं.

"मंग तं तुमाले जास्त ठाऊक पाह्यजे."

ते खरं होतं. जळालेले, कापलेले, टाके घातलेले पेशंट. मधल्या रांगेत दोन लहान पोरं. मी ड्यूटीवर असते तर मीही सोडलं नसतं. तरी मी म्हटलं, "मी जर्मनीत काम करते. तिकडे पेशंटजवळ कुत्रा सोडतात."

लीलाबाईंनी शांतपणे विचारलं, "तिकडं एका खोलीत किती पेशंट?"

"एक."

"इथी मोजून या."

मग त्यांनी काठीनं आवारात दाखवलं. गाड्यांखाली, नळाच्या ओलीत, पिंपळाच्या पारावर कुत्री झोपली होती. "हे दहा-बारा हायेत. कोनाचेच नाई. कोनाचंच नसलं तं कोनी इचारत नाई. कोनाचं तरी असलं का मंग नियम लागते."

मी त्या वाक्यावर नंतर बराच विचार केला. जर्मनीत कुत्र्याला आत घेतात ते तो कोणाचा तरी असतो म्हणून. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, त्या माणसाचा मान त्याला मिळतो. कोणाचाच नसलेल्या कुत्र्याला तिथे रस्तासुद्धा नाही. इकडे रस्ता सगळा कोणाचाच नसलेल्यांचा. हे नंतर, ट्रॅममध्ये बसून सुचलं. तेव्हा फाटकावर मी नुसती उभी होते. डोक्यावर ऊन होतं, हातात सुतळी, सुतळीच्या टोकाला कुत्रा. रडले असते तर लीलाबाईंना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

शेवटी त्याच म्हणाल्या, "कुत्रा आत येत नाई. पन पेशंटले बाहेर आनाले कोनाची मनाई हाय?"

वॉर्डातल्या सिस्टरनं डॉक्टरांना विचारलं आणि पाच मिनिटांची परवानगी दिली. ऊन उतरल्यावर चाकाच्या खुर्चीतून आम्ही बाबांना फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली आणलं. सलाइनची बाटली मी हातात वर धरली होती. निंबाला बहर होता. बारीक पांढरी फुलं बाबांच्या पट्ट्यांवर पडत होती. आई खुर्चीमागे उभी होती.

मास्तर मागे सरला. मग गुरगुरला.

त्याची चूक नव्हती. त्या खुर्चीत त्याच्या ओळखीचं काही नव्हतं. चेहरा नव्हता. वास औषधांचा, पुवाचा. आवाज फाटका. बाबांनी हात पुढे केला, तसा तो आणखी मागे गेला, सुतळी ताणली. आई म्हणाली, "अरे मास्तर, ते बाबा हायेत." लीलाबाई काठी टेकून बघत राहिल्या. मला आठवतं, मी त्या वेळी थेंब मोजत होते. सलाइनचे. मिनिटाला किती पडतात ते.

बाबांनी हात मांडीवर परत घेतला आणि बोटं जुळवून खुर्चीच्या पत्र्यावर हळूच वाजवलं. टक्. थोडं थांबून, टक्. टोपलीत मोहफूल टाकताना होतो तसा आवाज. बराच वेळ ते तसंच करत राहिले.

मास्तरचा पडलेला कान हलला. तो आला, खुर्चीभोवती एक चक्कर मारली, आणि बाबांच्या पायांपासून दोन हातांवर बसला. बाबांकडे पाठ करून. तोंड रस्त्याकडे.

"बसला का?" बाबांनी विचारलं.

"बसला. पण तुमच्याकडे बघत नाही," मी म्हटलं.

"पाठ हाय ना इकडं?"

"हो."

"तसाच बसते तो जंगलात," बाबा म्हणाले. "मी वेचतो, तो तिकडं पाह्यते." मग त्यांनी मान मागे टेकली. चार दिवसांत पहिल्यांदा ते झोपले. पाच मिनिटांची चाळीस झाली. सिस्टर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. मी हात बदलत बाटली धरून उभी राहिले.

मास्तर पुढचे एकोणीस दिवस लीलाबाईंच्या खुर्चीखाली राहिला. आवारातल्या कुत्र्यांनी पहिले दोन दिवस त्याला फाडायला घेतलं, लीलाबाईंनी काठी घेतली, मग मिटलं. रोज ऊन उतरलं की बाबा बाहेर यायचे. उजव्या डोळ्याची नजर काही परतली नाही. ते समजलं त्या दिवशीही आम्ही निंबाखालीच होतो. बाबा म्हणाले, "बरं. उजेड तं समजते." आईनं डबा उघडला. पोळी, बेसन. आम्ही जेवलो.

मी परत गेले तेव्हा फ्राउ केलर नव्हती. मी नसताना वारली होती. शेवटचे दोन दिवस ब्रुनो तिच्या पायाशी, खाटेवरच होता, आणि डॉक्टर येऊन कागद होईपर्यंत त्याला कोणी उतरवलं नाही, असं सहकारिणीनं सांगितलं. चांगलं झालं, मी म्हटलं. त्या खाटेवर मी नवी चादर घातली, कोपरे मुडपले. नव्या बाईंना कुत्रा नव्हता. कुत्र्याच्या केसांची त्यांना ॲलर्जी होती, म्हणून गालिचा दोनदा धुवून घेतला.

दाताच्या डॉक्टरकडे भूल दिली की ओठ आपला वाटत नाही; बोटानं दाबला तर कोणा दुसऱ्याचा ओठ दाबल्यासारखं होतं. माझं तसं झालं होतं आणि ते उतरत नव्हतं. भूल उतरली की दुखेल, तेव्हा गोळी घ्या, असं आम्ही पेशंटला सांगतो. मी तयारीनं वाट बघत होते.

गेल्या डिसेंबरात आईचा फोन आला. धानाची मळणी झाली, शेजारच्या पोरीचं लग्न जमलं, थंडी फार आहे. मग म्हणाली, "अन् मास्तरले बिबट्यानं नेलं परवा. अंगनातून. भुकलाही नाई." मी ट्रॅमच्या थांब्यावर होते. पाऊस होता. शेजारी एक ठेंगणं कुत्रं पिवळा रेनकोट घालून उभं होतं, त्याची टोपी त्याच्या मालकिणीनं नीट केली. मी म्हटलं, "बाबा कसे आहेत?" आई म्हणाली, "ठीक हायेत." ट्रॅम आली. कुत्रं आधी चढलं, मग आम्ही.

त्यानंतर घरी कुत्रा आणला नाही. आईनं दोनदा विचारलं. बाबा म्हणाले, "राहू दे."

काल बाबांना डोळ्याच्या तपासणीला ब्रह्मपुरीला नेलं होतं. नवं काही निघालं नाही. परत येताना नागभीडला गाडी बदलायची होती, वेळ होता, म्हणून स्टेशनजवळच्या एका हॉटेलात चहाला बसलो. जुनं हॉटेल, नवी फरशी, पंखे, भिंतीवर टीव्ही. बाबांना बाकावर बसवलं. आत आल्यावर समोरच्या दोघांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग टीव्हीकडे. बाबा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. मध्येच म्हणाले, "तिकडं कुत्र्याले खरंच हॉटेलात घेतेत?"

मी सगळं सांगितलं. पाण्याचं भांडं, खुर्चीवर बसलेली कुत्री, वळसा घालून जाणारा वाढपी. त्यांनी मन लावून ऐकलं.

"हे कोन्तं हॉटेल होय?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "स्टेशनच्या डाव्या हाताले? बाहेर चिंच होती?"

"आता नाही. पण खोड आहे कापलेलं."

"माहा बाप इथी मालगाडीचे पोते उतरवाले यायचा," बाबा म्हणाले. "मी लहान होतो, त्याच्यासंगं यायचो. त्याले आत येऊ देत नोते. त्याची कपबशी बाहेर, खुटीले. चहा वरून ओतत. धुवून परत टांगायची. दीक्षा घेतली अन् त्यानं हॉटेलचा चहाच सोडला. घरून पानी पिऊन निंगे."

हे मला माहीत नव्हतं. आजोबांबद्दल घरात बोलणं व्हायचं, पण ते विहारात, भिंतीवरच्या तसबिरींखाली, सगळ्यांबरोबर. हे नव्हतं सांगितलेलं कधी.

"अन् कुत्रे आत राहत," बाबा म्हणाले. "याच बाकाखाली. मी बापाले म्हनलं, बा, कुत्रं जाते आत, आपन काऊन नाई? मी दगड उचलला होता. त्यानं माहा हात धरला."

"काय म्हणाले?"

"म्हने, त्याले काऊन मारतं? कोनी तरी आत जाते ना."

बाबांनी बशी खाली ठेवली. मला एकदम दुखायला लागलं, भूल उतरल्यावर दुखतं तसं. मी पेल्यातलं पाणी प्यायले.

तेवढ्यात बाहेरच्या उन्हातून एक कुत्री आत आली. हाडं वर आलेली, आचळं लोंबलेली. गल्ल्यावरचा माणूस फडकं उगारून उठला. "हट्!"

"राहू दे, भाऊ," बाबा म्हणाले, आणि दोन्ही पाय आखडून त्यांनी बाकाखाली जागा केली.